काचेची इस्त्री

इस्त्रीचं काम दोन गोष्टींवर चालतं: वजन आणि आच. म्हणून ती लोखंडाची. मारिया माग्दालेना काम्पोस-पोन्स या क्यूबन कलावतीनं १९९८ मध्ये इस्त्र्या घडवल्या, त्या मात्र काचेच्या. काचेचा चुरा साच्यात भरायचा, भट्टीत वितळवायचा आणि हळूहळू निवू द्यायचा, अशी ही रीत. यातून निघणारी काच आरपार दिसणारी नसते. ती धुकट, दुधाळ असते, आत बारीक बुडबुडे अडकलेले असतात. अशी इस्त्री शेगडीवर ठेवली तर तडकेल, हातातून सुटली तर फुटेल. थोडक्यात, ती कामातून गेलेली आहे. एका घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जिच्यामागे राबल्या, तिला एकदाची सुटी मिळाली आहे.

या इस्त्र्या ज्या मांडणशिल्पात आहेत, त्याचं नाव ‘स्पोकन सॉफ्टली विथ मामा’. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते मांडलं गेलं, आता ते कॅनडाच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. मंद उजेडाच्या दालनात इस्त्रीच्या फळ्या उभ्या केल्या आहेत. त्यांच्यावर रेशीम आणि ऑर्गंझा चढवून भरतकाम केलं आहे. काही फळ्यांवर घरातल्या माणसांची जुनी छायाचित्रं कापडावर उतरवली आहेत, काहींवर चित्रफिती उमटत राहतात. खाली पांढऱ्या सुती चादरींच्या परीटघड्या, काचेच्या इस्त्र्या आणि त्या टेकवायच्या तिवया. नील लिओनार्ड या सॅक्सोफोनवादक संगीतकारानं रचलेला ध्वनी दालनभर असतो. त्या काळात तो तिचा नवराही होता आणि पुढेही अनेक कामांत तिचा साथीदार राहिला.

या वस्तू काम्पोस-पोन्सनं हौसेनं शोधून आणलेल्या नाहीत. तिच्या घरच्या बायका दुसऱ्यांकडे राबत, त्यांचे कपडे धूत, इस्त्री करत. १९५९ मध्ये, म्हणजे क्यूबन क्रांतीच्याच वर्षी, मातान्सास प्रांतातल्या ला वेगा या गावी तिचा जन्म झाला. गाव उसाच्या मळ्याचं. घर होतं ते गुलामांसाठी बांधलेल्या जुन्या बराकींत. क्यूबात गुलामगिरी १८८६ मध्ये संपली, म्हणजे तिच्या जन्माच्या वेळी, जवळजवळ पाऊण शतकानंतरही, त्या भिंती वापरात होत्या. एका बाजूचे पूर्वज नायजेरियातून साखरेच्या मळ्यांवर आणलेले योरुबा, दुसऱ्या बाजूला चिनी रक्त. १८४७ ते १८७४ या काळात सुमारे सव्वा लाख चिनी मजूर कराराच्या कागदावर अंगठे उठवून या बेटावर आले आणि गुलामांच्या शेजारी ऊस तोडायला लागले. त्या कराराची गत काय होती, हे वेगळं सांगायला नको. साखर आणि उसाचं गाळप करणारे हात यांच्याकडे ती पुढे पुन्हा पुन्हा वळली, त्याचं मूळ इथे आहे.

आता परत त्या उभ्या फळ्यांकडे. फळी एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला रुंद. आडवी असताना तिचा आकार आपल्या ध्यानातही येत नाही. उभी केली की ती होडीसारखी दिसते, थडग्याच्या दगडासारखीही दिसते. हा योगायोग नाही, कारण १९९२ मध्ये तिनं ‘द सेव्हन पॉवर्स कम बाय द सी’ हे काम केलं होतं. त्यात लांब लाकडी फळ्यांवर गुलामवाहू जहाजांचे आराखडे कोरले होते. जहाजाच्या तळात खचाखच निजवलेली माणसं, प्रत्येक फळीला एका ओरिशाचं, म्हणजे योरुबा देवतेचं, नाव. माणसांबरोबर त्यांचे देवही त्याच जहाजांतून आले, असं त्यात सुचवलं होतं. सहा वर्षांनी त्याच आकारावर तिनं इस्त्रीचं कापड चढवलं. समुद्र ओलांडून आलेलं जहाज घरात शिरलं आणि पणजी-आजीच्या हाताखालची फळी झालं. हे सांगायला तिनं एकही वाक्य लिहिलं नाही, आकारावरच काम भागवलं. मला तिच्या साऱ्या कारकिर्दीतली ही सर्वांत देखणी चाल वाटते.

भरतकामाचंही तसंच. दुसऱ्याच्या पलंगावर जायच्या चादरी धुऊन, कडक करून, घडी घालून देणाऱ्या हातांची आठवण म्हणून इथे तितक्याच काळजीनं टाके घातले आहेत. पण या चादरी कोणाकडेही पोचवायच्या नाहीत. ज्या मालिकेचा हा दुसरा भाग, तिचं नाव ‘हिस्टरी ऑफ पीपल हू वेअर नॉट हीरोज’. क्रांतीनं वीरांचे पुतळे आणि भित्तिचित्रं भरपूर दिली. त्या देशात वाढलेल्या मुलीनं ‘वीर नसलेल्या माणसांचा इतिहास’ असं नाव ठेवणं साधं नाही. त्यातही तिनं आवाज चढवलेला नाही.

हवानातलं शिक्षण संपवून ती १९८८ मध्ये बोस्टनला काही काळ शिकायला गेली आणि १९९१ मध्ये तिथे स्थिरावली. मग तिच्या हाती पोलरॉइडचा भलाथोरला कॅमेरा आला. २०×२४ इंचांची छायाचित्रं काढणारी ही धूड यंत्रं जगात मोजकीच होती. निगेटिव्ह नाही, त्यामुळे प्रत्येक चित्राची प्रत एकच. १९९४ पासूनच्या ‘व्हेन आय अ‍ॅम नॉट हिअर / एस्तोय आया’ या मालिकेत तिनं स्वतःचं शरीर रंगवलं, सजवलं आणि चौकटी-चौकटींत विभागलं. २००४ च्या ‘कॉन्स्टेलेशन’मध्ये अशी सोळा चित्रं आहेत. केसांच्या लांब वेण्या एका चौकटीतून दुसरीत जातात, पण मधल्या पट्टीपाशी तुटतात. डोळा त्या जोडू पाहतो. देश सोडलेल्या माणसाबद्दल पानंच्या पानं लिहिता येतील, इथे त्या पट्ट्यांची रुंदी तेवढं काम करते.

मानसन्मान तिला उशिरा मिळाले, पण भरभरून मिळाले. २०१३ मध्ये व्हेनिस बिएनालेत क्यूबाच्या दालनात तिचं काम होतं, २०१७ पासून ती नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात प्राध्यापक आहे, २०२३ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि त्याच वर्षी ब्रुकलिन म्युझियममध्ये ‘बिहोल्ड’ हे मोठं प्रदर्शन सुरू झालं. याहून मला महत्त्वाचं वाटतं ते २०१९ चं ‘रिओस इंतेर्मितेंतेस’. हवाना बिएनालच्या निमित्तानं झालेल्या या उपक्रमात तिनं कलावंतांना राजधानीबाहेर, थेट मातान्सास शहरात ओढून नेलं.

इस्त्र्यांनंतर काच तिच्या कामात पुन्हा आली ती साखरेच्या जोडीनं. दोन्ही वितळतात, दोन्ही ओतता येतात, थिजल्यावर दोन्हींना चकाकी येते. २०१६ मध्ये सेलमच्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये तिनं ‘अल्केमी ऑफ द सोल’ उभारलं. जुन्या साखर कारखान्यांच्या आणि रमच्या भट्ट्यांच्या आकारांवरून फुंकलेली मोठमोठी काचेची पात्रं होती त्यात. प्रकार भव्य, पण मला तो थोडा सैल वाटतो. काच इतकी लोभस आहे की मळीचा चिकटपणा आणि भट्टीची धग तिच्यात हरवते. त्याआधीचं, २०१० चं, स्मिथ कॉलेजच्या संग्रहालयातलं ‘शुगर/बिटरस्वीट’ कितीतरी धारदार आहे. बैठ्या स्टुलांवर उभे भाले, उसाच्या सरींसारखे ओळीनं लावलेले. प्रत्येक भाल्यात साखरेच्या आणि काचेच्या चकत्या ओवलेल्या, काळपटापासून तपकिरी आणि पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या. कारखान्यात साखरेची प्रतवारी रंगावरून होते, वसाहतीत माणसांचीही तशीच होत होती. पीबडी एसेक्समधल्या पात्रांपुढे माणूस आधी थक्क होतो आणि मग भिंतीवरचा माहितीफलक शोधतो. ‘शुगर/बिटरस्वीट’पुढे फलक लागत नाही. कुठला रंग कुठल्या रंगाच्या डोक्यावर बसवला आहे, एवढं पाहिलं की पुरतं.