सुडाचा वारसा

सूडकथा लिहिणाराची एक ठरलेली युक्ति असते. आरंभीं एखाद्या निरपराध कुटुंबाची हत्या दाखवावयाची, आणि नंतर तींतून वांचलेल्या कर्त्या पुरुषानें जें जें रक्त सांडावें त्यास न्याय हें नांव द्यावयाचें. वाचकाचा सारा संताप पहिल्या हत्येवर खर्च झालेला असल्यामुळें पुढील हत्यांचा हिशेब तो ठेवीत नाहीं. सॅम मेंडिस यांनीं दिग्दर्शित केलेला २००२ सालचा ‘रोड टू पर्डिशन’ हा अमेरिकन चित्रपट वरवर पाहतां याच जातीचा आहे. परंतु त्यांतील हिशेब एक बारा वर्षांचा मुलगा ठेवीत असतो, आणि म्हणूनच त्याचा स्वतंत्र विचार करावा असें आम्हांस वाटतें.

चित्रपटास आधार आहे तो मॅक्स ॲलन कॉलिन्स यांनीं लिहिलेल्या व रिचर्ड पिअर्स रेनर यांनीं चितारलेल्या १९९८ सालच्या चित्रकादंबरीचा. काझुओ कोइके व गोसेकी कोजिमा यांच्या, १९७० सालीं सुरू झालेल्या जपानी चित्रकथामालेचें ऋण कॉलिन्स यांनीं मोकळेपणीं मान्य केलें आहे. त्या मालेंत पदभ्रष्ट झालेला एक राजवधिक आपल्या लहानग्यास गाडींत बसवून सूड घेत हिंडतो. कॉलिन्स यांनीं ती कल्पना इलिनॉय राज्यांत आणली. चित्रपटाचा काळ १९३१ सालचा हिवाळा. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, आणि चोरट्या दारूवर गुंडांच्या टोळ्या गबर झाल्या होत्या. अशा एका टोळीचा म्होरक्या जॉन रूनी, आणि त्यानेंच लहानाचा मोठा केलेला अनाथ मायकेल सलिव्हन हा त्याचा विश्वासू मारेकरी. सलिव्हनचा थोरला मुलगा, त्याचेंही नांव मायकेलच, बाप रात्रीं काय काम करतो हें पाहण्याच्या जिज्ञासेनें मोटारींत लपून जातो, आणि रूनीचा औरस पुत्र कॉनर एका माणसास ठार मारतांना त्याच्या दृष्टीस पडतो. साक्षीदार नाहींसा करावा म्हणून कॉनर सलिव्हनच्या घरीं जातो. परंतु बळी पडतात सलिव्हनची पत्नी ॲनी व धाकटा पीटर. उरलेले बापलेक जीव घेऊन निघतात.

येथून पुढें ही दोन पित्यांची कथा होते. कॉनर नालायक आहे, इतकेंच नव्हे तर तो बापाच्याच पैशाची अफरातफर करीत आहे, हें रूनी जाणतो. त्याची माया सलिव्हनवरच अधिक आहे. आरंभीं तो व सलिव्हन शेजारीं बसून पियानो वाजवितात, तेव्हां औरस मुलगा बाजूलाच राहतो. तरीही वेळ येतांच रूनी पोटच्या पोरास सोडूं शकत नाहीं. आपल्या वाचकांस येथें धृतराष्ट्र आठवेल. फरक इतकाच कीं, या म्हाताऱ्यास सर्व कांहीं दिसत असतें. पॉल न्यूमन यांनीं त्यास निव्वळ खलपुरुष होऊं दिलेलें नाहीं.

टॉम हँक्स यांचा सलिव्हन घरांत अबोल आणि मुलांस जवळजवळ परका. बापलेक एकमेकांस ओळखूं लागतात ते गुन्ह्याच्याच वाटेवर. टोळ्यांचा पैसा ठेवणाऱ्या बँका लुटण्यासाठीं सलिव्हन मुलास मोटार हांकावयास शिकवितो. हे प्रसंग गमतीचे आहेत, आणि हंसतां हंसतां आपण एका पोराच्या बिघडण्यास संमति देत आहों हें उशिरा ध्यानांत येतें. पुढें एके रात्रीं मुलगा विचारतो, पीटर आपल्याहून अधिक लाडका होता काय? बाप अडखळत कबूल करतो कीं थोरल्यांत त्याला स्वतःचें रूप दिसे, आणि तसें तें व्हावें हें त्याला नको होतें. आमच्या मतें चित्रपटाचें मर्म या संभाषणांत आहे. सलिव्हनला उद्धार हवा आहे तो मुलाचा. स्वतःची आशा त्यानें केव्हांच सोडली आहे. चर्चच्या तळघरांत रूनी त्यास बजावतो कीं आपल्यासारख्यांस स्वर्ग मिळावयाचा नाहीं. त्यावर सलिव्हन उत्तर देतो तें मुलाकडे बोट दाखवूनच.

असें असूनही तो सूड सोडीत नाहीं. भर पावसांत तो रूनीच्या साथीदारांस एकामागून एक टिपतो, तेव्हां गोळ्यांचा आवाजच ऐकूं येत नाहीं. त्या शांततेंत विजयाचा आनंद मुळींच नाहीं, दुखवट्याची छाया मात्र आहे. छायालेखक कॉनरॅड हॉल यांस या चित्रपटाबद्दल २००३ सालीं मरणोत्तर ऑस्कर पारितोषिक देण्यांत आलें. तें सर्वथा योग्य होतें.

आमचा आक्षेप आहे तो शेवटाबद्दल. पर्डिशन हें सरोवराकांठच्या गांवाचें नांव; त्या शब्दाचा अर्थ अधोगति. तेथें भाडोत्री मारेकरी मॅग्वायर सलिव्हनला गोळी घालतो. मुलगा त्याजवर पिस्तूल रोखतो, परंतु चाप ओढीत नाहीं. तेव्हां मरणोन्मुख बापच मॅग्वायरला ठार करतो. महाभारतांत पित्याच्या मृत्यूचा सूड म्हणून जनमेजयानें मांडलेलें सर्पसत्र कोवळा आस्तिक थांबवितो, आणि सत्र थांबतें म्हणूनच तक्षक जगतो. येथें मुलाचा हात निष्कलंक राहतो आणि शत्रूही मरतो. नकाराबद्दल मुलास कदाचित् प्राण द्यावे लागले असते. तो बिकट प्रश्न बापाच्या गोळीनें परस्पर मिटतो, आणि प्रेक्षक दोन्ही समाधानें घेऊन घरीं जातो. ॲनीसारख्या गुणी पत्नीस कथेंत मरण्यापलीकडे फारसें काम नाहीं, हेंही खटकतें.

तथापि या दोषांमुळें चित्रपटाचें मोल फार घटत नाहीं. मुलगा पुढें एका निपुत्रिक शेतकरी दांपत्यापाशीं वाढतो आणि पुन्हां कधीं शस्त्र हातीं धरीत नाहीं. बाप भला होता कीं बुरा, असें कोणी विचारल्यास तो निवाडा देत नाहीं, नातें तेवढें सांगतो. बापाची कृत्यें डोळ्यांनीं पाहिलेल्या मुलाकडून याहून अधिक मागणें निर्दयपणाचें ठरेल. आपलीं मुलें आपणांस न विचारतां आपल्याकडून काय काय उचलीत असतात, याचा विचार करणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें हा चित्रपट एकदां अवश्य पाहावा.