प्राणवायू आणि अफूची सवय : दावा किती, पुरावा किती?

अफूजन्य औषधांचा डोस उतरवताना दाबाखालील प्राणवायूची मदत होते, असा दावा अधूनमधून वाचनात येतो. ‘प्राणवायू म्हणजे जीवन, मग अधिक प्राणवायू अधिक चांगला’ ही समजूत वर्गातही भेटते. म्हणून हा दावा तपासावा असे आम्हांला वाटते.

दाव्यामागील भौतिकी खरी आहे. रक्तातील हिमोग्लोबिन साध्या हवेतच सुमारे 97 टक्के भरलेले असते. तेथे फारशी जागा उरत नाही. रक्तद्रवात विरघळणारा प्राणवायू मात्र हेन्रीच्या नियमानुसार दाबाबरोबर वाढतो. एरवी 100 मिलिलिटर रक्तात तो 0.3 मिलिलिटर असतो. तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास सुमारे 6 मिलिलिटर होतो. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेवर हा उपचार मान्य आहे. उंदरांमध्ये त्याने शरीराची स्वतःची वेदनाशामके कामाला लागतात, असेही दिसले आहे.

माणसांचे काय? अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मेथाडोन कमी करू इच्छिणाऱ्या 31 जणांवर प्राथमिक चाचणी घेतली. ती 2020 नंतर प्रसिद्ध झाली. काहींना खरा उपचार दिला, काहींना लटका. अशा चाचणीत लटक्या गटालाही थोडा दाब द्यावा लागतो; नाहीतर कानांना दडे बसले की नाही, यावरूनच रुग्ण आपला गट ओळखेल. ही काळजी शिकण्यासारखी आहे. पण 31 जणांवरून शक्यता दिसते, सिद्धता होत नाही. शिवाय मेथाडोनचा नित्याचा डोस बहुधा 60 ते 120 मिलिग्रॅम असतो. येथील घट काही मिलिग्रॅमचीच होती.

आमचा मुख्य आक्षेप मापावर आहे. डोस घटला म्हणजे रुग्ण सुधारला, असे नव्हे. मेथाडोन चालू असताना अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका कमी असतो. ते सुटले की शरीराची सहनशक्ती ओसरते. मग जुन्याच मात्रेत अफूजन्य पदार्थ घेतला तर श्वास थांबू शकतो. तेव्हा वर्षभरानंतर किती जण जिवंत आहेत आणि किती जण व्यसनाकडे परतले नाहीत, हे मोजायला हवे.

उपचार निरुपद्रवीही नाही. जानेवारी 2025 मध्ये मिशिगनमधील ट्रॉय येथे प्राणवायूच्या अशाच पेटीला आग लागून एक लहान मुलगा दगावला.

अशी बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत : प्रयोग किती जणांवर झाला, तुलना कशाशी केली आणि नेमके काय मोजले? तिसरा प्रश्न सहसा राहून जातो.