आधी स्पर्श, मग झळाळी

धुतलेली गाडी आणि निगुतीनं धुतलेली गाडी सावलीत सारख्याच दिसतात. फरक उन्हात कळतो. काळ्या किंवा गर्द निळ्या बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब शोधा आणि त्याच्या आजूबाजूला नजर फिरवा. नुसत्या धुतलेल्या पत्र्यावर त्या तेजाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसतं. निगुतीनं धुतलेल्या पत्र्यावर सूर्य एकटाच असतो. त्या रेघा बहुतेक वेळा धूळ पुसणाऱ्या हातानंच ओढलेल्या असतात. म्हणून डिटेलिंगचं, म्हणजे गाडीच्या निगुतीच्या सफाईचं, रसग्रहण झळाळीपासून नव्हे, स्पर्शापासून सुरू करावं. कमी पैशात सुरुवात करणाऱ्यालाही तोच धागा उपयोगी पडतो: रंगाला जे टेकणार आहे त्यावर आधी खर्च करा, बाटल्यांवर नंतर.

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात या कलेची परीक्षा जरा कडकच होते. कपाशी-सोयाबीनची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की पत्र्याला घट्ट धरून बसते. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, आणि उन्हाळ्यात पत्रा तव्यागत तापतो. या तिघांसमोर उभा असतो रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसाहूनही कमी. सगळी चमक या थरात आहे आणि त्या बारीक रेघाही याच थरात पडतात. सकाळी गाडी काढताना कोरड्या फडक्यानं धूळ झटकणं ही आपल्याकडची सर्वात जुनी सवय, आणि या थराला सर्वात महागात पडणारीही तीच.

म्हणून सुरुवातीच्या संचातली पहिली वस्तू अशी, जी रंगाला टेकतच नाही: कृषी केंद्रात मिळणारा दोन लिटरचा हातपंप. फक्त तो नवाच घ्यावा. तणनाशक मारलेला पंप गाडीसाठी वापरू नये. त्यात पाणी आणि थोडा कार शाम्पू घालून चिखलावर, दारांच्या खालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानीत फवारायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. मात्र साबण पत्र्यावर वाळू द्यायचा नाही. वाळलेली काळी माती खरवडली तर कोट जातो, भिजवली तर ती आपणहून सुटते. या पाच मिनिटांच्या थांबण्यात जी खुमारी आहे, ती महागड्या फोमच्या तोफेत असेलच असं नाही.

दुसरी वस्तू शाम्पू. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो. ती मळ काढते तसं वॅक्सही काढते. कार शाम्पू सौम्य असतो आणि बुळबुळीत असतो. खरा गुण त्या बुळबुळीत आहे. हात आणि पत्रा यांच्यामध्ये ती घसरण तयार करते, म्हणून कण रेघ न ओढता वाहून जातो. फेस किती येतो यावरून शाम्पूची किंमत ठरवू नये. बोटांमध्ये चोळून पाहावा. लहान बाटलीही बरेच दिवस पुरते, कारण बादलीभर पाण्याला झाकणभर पुरतं. नेमकं प्रमाण बाटलीवर छापलेलं असतं.

तिसरी वस्तू शेनीलचा, म्हणजे गोंड्यागोंड्यांचा हातमोजा, आणि त्याच्या जोडीला दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. एक पत्रा पुसला की मोजा आधी साध्या पाण्यात खळखळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि सर्वात शेवटी खालची पट्टी, असा वरून खाली येणारा क्रम. शेवटी दोन्ही बादल्यांच्या तळाशी पाहावं. जो गाळ दुसऱ्या बादलीत बसला, तो रंगावर फिरला नाही. चाकांना मात्र वेगळा ब्रश आणि वेगळी बादली. ब्रेकच्या लोखंडी कणांना दारावर आणायचं नाही.

चौथी वस्तू म्हणजे या संचाचा आत्मा: मायक्रोफायबर. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली अतिसूक्ष्म तंतूंपासून अल्ट्रास्वेड हे कापड घडवलं. आज गाडीच्या दुकानात शे-दीडशेला मिळणारं फडकं त्याच कुळातलं. चांगलं कापड ओळखायची खूण सोपी आहे. तळहातावरून ओढा, राकट हाताला ते अडकत-चिकटत गेलं तर तंतू नीट फुटलेले आहेत. पुसायला ३०० ते ४०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), वाळवायला त्याहून जाड. कडेचं लेबल कापून टाकायचं. धुताना सुती कपड्यांपासून दूर ठेवायचं आणि सॉफ्टनर अजिबात घालायचा नाही. कापसाच्या मुलखात हे विचित्र वाटेल, पण सुताचा धागोरा त्या तंतूंत अडकला की फडकं निकामी होतं.

पाचवी वस्तू वॅक्स. कार्नोबा हे मेण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या ताडाच्या पानांवरून काढतात. गोळ्या-चॉकलेटांवर जी चकाकी दिसते, तीही बऱ्याचदा त्याचीच. ते वितळायला ८० अंशांहून अधिक तापमान लागतं. मधमाशीचं मेण साठीतच सैल पडतं. कार्नोबाची झळाळी उबदार आणि खोल असते, पण बाजारातल्या डब्यात ते मऊ मेणांत आणि द्रावकांत मिसळलेलं असतं आणि आपल्या उन्हात काही आठवड्यांत ओसरतं. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या बोलेरोला मेणाऐवजी फवारून लावायचा स्प्रे सीलंट जास्त दिवस साथ देतो. सगळ्या गाडीला लावायची ऐपत नसेल तर छत आणि बॉनेट आधी घ्यावं. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप बैलाच्या खांद्यालाच लावतात, कारण जू तिथेच घासतं. ऊन पत्र्यावर जिथं बसतं तिथंच वॅक्स लागावं.

वॅक्स लावलेल्या पत्र्यावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात आणि पाहणारा हरखतो. रसिकानं इथं थोडं सावध असावं. जड पाण्याचा प्रत्येक थेंब वाळताना आपले क्षार एका पांढऱ्या कड्यात ठेवून जातो. थेंब जितका सुबक, कडं तितकं ठसठशीत. म्हणून सावलीत धुवा, लगेच टिपा आणि जमल्यास शेवटचा हात आरओच्या जारमधल्या पाण्यानं किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं फिरवा. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका. वगळलेले सगळे क्षार त्यातच असतात.

आणि काय घेऊ नये? पहिल्या वर्षी पॉलिश मशीन आणि कंपाउंड नको. पॉलिश म्हणजे तोच ४०-५० मायक्रॉनचा थर थोडाथोडा झिजवणं, आणि गेलेला थर कुणी परत भरून देत नाही. क्ले बारही लगेच नको. १९९०च्या दशकात जपानच्या ताडाओ कोदाते यांनी पेटंट घेतलेली ही मऊ वडी रंगात रुतलेले कण उचलते, पण ती रेघही ओढू शकते. गरज आहे का, हे पाहायला पैसे लागत नाहीत. धुतलेल्या पत्र्यावरून पातळ प्लास्टिकची पिशवी घातलेला हात फिरवा. खरखर लागली तरच वडी घ्या, आणि भरपूर शाम्पूच्या पाण्यावरच फिरवा. टायरला चकचकीत सिलिकॉनही नको. ते चाकाबरोबर उडून दारावर येतं आणि वाटेतली सगळी धूळ स्वतःकडे बोलावतं. स्वच्छ टायर मंद काळा दिसावा, ओला नव्हे.

हा संच काही हजारांचा नाही आणि त्यातली एकही वस्तू मिरवण्याजोगी नाही. वर दिला तो वापराचा क्रम, खरेदीचा क्रम मात्र असा ठेवावा: आधी फडकी आणि मोजा, मग शाम्पू आणि पंप, मग वॅक्स. उधळपट्टी करायचीच असेल तर ती एका जादा मायक्रोफायबरवर करावी. भारी वॅक्स वाईट फडक्यानं लावलं तर रेघाच चकाकतात.