सर्व हक्क कुणाचे?

मित्रहो, आपले समीक्षक कवितासंग्रह उघडतात ते थेट पहिल्या कवितेवर. मी आधी नावाच्या पानामागं बघतो. तिथं बारीक अक्षरात असतं : 'सर्व हक्क प्रकाशकाधीन'. आत कवी व्यवस्था उलथून टाकतोय, आणि इथं सगळं लिहून देऊन बसलाय. या ओळीची समीक्षा कुणी करीत नाही. म्हणून मी करतो.

मी सूतगिरणीतला बदली कामगार. पहिल्या पुस्तकाच्या कागदावर न वाचता सही ठोकली. पुस्तक निघतंय याचाच आनंद! पैसा मिळाला नाही, त्याचं काय एवढं नाही. पण वस्तीतल्या पोरांनी जयंतीच्या अंकात चार कविता घेतो म्हटलं, तर मलाच परवानगी मागत फिरावं लागलं. माझ्याच कवितांची!

मग पाळी सुटल्यावर कायदा वाचला. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो : लिहिलं की हक्क लिहिणाऱ्याचा, नोंदणीची सक्ती नाही. दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखीच करावा लागतो. कागदात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. आणि हक्क विकला तरी 'ही कविता माझी' म्हणायचा हक्क कवीकडंच राहतो. कलम ५७.

काही मित्र म्हणतात, चळवळीचं गाणं सगळ्यांचं, त्यात हक्क कसला? बरोबर आहे. पण वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफायचे. गाणं सगळ्यांचं, तरी नाव त्यांचं. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेल्या त्यांच्या ग्रंथांची मुदत २०१६ अखेर संपली. आज ते कुणीही छापावेत. चांगलंच झालं. पण समाजाला मोकळं करणं वेगळं, आणि एका दुकानदाराच्या तिजोरीत टाकणं वेगळं. दोन्हीला 'त्याग' म्हणू नका.

तेव्हा सहीआधी एवढं लिहून घ्या : हक्क एकाच आवृत्तीपुरता. मुदत आकड्यात. चळवळीच्या अंकांना, जलशांना फुकट मुभा. नाव गाळायचं नाही. प्रकाशक नाही म्हणाला तर हाताने छापू, हा अंक निघतोच की!

आपल्या आज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे दिले, त्यांना वाचता येत नव्हतं. आपल्याला येतं. मग न वाचता केलेली सही म्हणजे काय? अंगठाच.

हा लेख कुणीही छापावा. खाली माझं नाव तेवढं ठेवा.

जयभीम!