'हमार्तिया': प्रमाद आणि पाप

प्राचीन ग्रीक संस्कृतीच्या अभ्यासासाठी वॉशिंग्टन येथे १९६१ साली 'सेंटर फॉर हेलेनिक स्टडीज' स्थापन झाले. वाशिम जिल्ह्यातील जऊळक्याच्या वाचकाला तेथवर पोहोचणे दुरापास्त. त्याच्यासाठी हे कार्य मराठी ग्रंथानेच करावयास हवे. म्हणूनच विंदा करंदीकरांच्या 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' (१९५७) या भाषांतराचे ऋण आम्ही मोठे मानतो. शोकांतिकेचा नायक दुष्टपणामुळे नव्हे, तर 'हमार्तिया'मुळे कोसळतो, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत हाच शब्द 'पाप' या अर्थी येतो. त्याच्या धातूचा जुना अर्थ नेम चुकणे. मराठीत मात्र 'प्रमाद' आणि 'पाप' असे दोन शब्द होताच हे नाते दृष्टीआड होते. ते उलगडणारे भाष्य मराठी समीक्षेने लिहावे. नायकाविषयी वाटणारी करुणा मग पापी माणसाच्या वाट्यालाही येईल.