ताटावरचा रुमाल

दिवाळी अंकात प्रवासवर्णन नसले तर फराळात चकली नसल्यासारखे वाटते. त्यातून आता लोक एकेकटे जगभर हिंडू लागले आहेत. माझा एक जुना विद्यार्थी, मूळचा अकोल्याचा, यंदा एकटाच रशियातील सेंट पीटर्सबर्गला जाऊन आला आणि त्याने आपला लेख अभिप्रायासाठी मजकडे अमरावतीस धाडला. लेख नेटका होता. पीटर राजाने १७०३ साली वसविलेले ते शहर, नेवा नदी, हर्मिटेजची दालने, उन्हाळ्यातील रात्रीचा उजेड, सारे त्यात होते. जेवणही होते. बीटाचे लाल बोर्श्च, मोदकाच्या चुलतभावासारखे पेल्मेनी, आपल्या धिरड्यांची आठवण करून देणारे ब्लिनी! तरीही वाचून उठताना पोट भरले नाही. पुष्कळ विचार केला तेव्हा ध्यानात आले की, लेखात पदार्थ भरपूर होते. वाढणारा हात मात्र एकही नव्हता.

त्याला उत्तर लिहिण्यापूर्वी मी एक जुने पुस्तक पुन्हा वाचले. अफानासी निकितीन हा व्होल्गाकाठच्या त्वेर या जुन्या शहराचा व्यापारी. १४७० च्या मागेपुढे तो एकटाच, एक घोडा विकायला घेऊन, समुद्रमार्गे आपल्या चौलला उतरला. तेथून जुन्नर, मग बीदर. ज्येष्ठ वाचकांना १९५७ सालचा ‘परदेसी’ हा चित्रपट आठवत असेल; तो याच्यावरच बेतलेला. त्याच्या टिपणांचा इंग्रजी तर्जुमा १८५७ साली छापला गेला. शेजारी कोश ठेवून तो मी वाचला. निकितीनची वाट वऱ्हाडातून गेली नाही. पण आपले वऱ्हाड तेव्हा त्याच बहमनी राज्याचा भाग होते आणि आपला गाविलगड त्यापूर्वीच उभा राहिला होता. तेव्हा हा पाहुणा काही अगदीच परका नव्हे.

वाङ्मय म्हणून पाहिले तर हे पुस्तक ओबडधोबड आहे. मागचे पुढे, पुढचे मागे. ऐकीव गोष्टींवर तर त्याचा भाबडा विश्वास. तोंडातून आग काढणारा पक्षी काय, वानरांचा राजा आणि त्याचे सैन्य काय! परंतु हाच माणूस चुलीजवळ आला की त्याचे एकही वाक्य हलत नाही. भात आणि तुपाची खिचडी, पालेभाज्या, दूध. जेवायचे ते उजव्या हाताने, चमचा नाही, सुरी नाही. प्रवासात प्रत्येकाजवळ आपले भांडे, प्रत्येकाची आपली चूल. जुन्नरला घोड्यांना हरभरा देतात, साखर घालून शिजविलेली खिचडीही चारतात, हे त्याने टिपले आहे. घोडा विकायला आलेल्या माणसाला त्याच्या खुराकाचा खर्च कळायलाच हवा! कानाने घेतलेले त्याचे फसले, हाताने घेतलेले टिकले. प्रवासवर्णनाची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

मात्र त्याच्यापुढे हे ताट सहज उघडले नाही. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, असे सांगितले. चार दिवसांची मुदत होती. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने मध्ये पडून त्याला सोडविले. त्याच्याजवळची धर्मग्रंथांची पुस्तके वाटेतल्या लुटीतच गेली होती. आपले सण आणि उपास केव्हा येतात याचाही हिशोब चुकू लागला. अशा एकाकी स्थितीत बीदरला पुष्कळ हिंदूंशी त्याची ओळख झाली. आपण कोण, कोणत्या धर्माचे, हे त्याने त्यांना खरेखरे सांगितले. त्यानंतर, तो म्हणतो, त्यांनी आपले खाणे, व्यापार, प्रार्थना, घरच्या बायका, काहीच त्याच्यापासून लपविले नाही. एरवी परक्याची दृष्ट पडू नये म्हणून ताटावर कापड ओढणारे हे लोक! आधी त्याने स्वतःवरचे पांघरूण काढले, मग त्यांनी ताटावरचे काढले.

हे वाचताना माझे कान तापले. माझ्या पहिल्या कादंबरीत मेळघाटातील एका कोरकू घरचे जेवण आहे. समीक्षकांनी त्याला ‘जिवंत’ म्हटले होते. पुढे धारणीकडचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात आला. त्याने ते पान वाचले आणि मधल्या सुटीत हळूच विचारले, “सर, आमच्याकडं तुम्ही कोणाच्या घरी जेवले होते?” मी कोणाच्याच घरी जेवलो नव्हतो. बाजाराच्या दिवशी धारणीला गेलो, हॉटेलात चहा घेतला आणि परतलो. मी कुटकीची भाकरी थापविली होती. त्याच्या घरी कुटकीचा भात शिजत असे. चूक भाकरीपुरती नव्हती. त्या उंबऱ्यापाशी थांबून मी माझे नावही कोणाला सांगितले नव्हते.

म्हणून अकोल्याच्या त्या मुलाला मी एवढेच लिहिले, “बाबा रे, तुला कोणी घरी जेवू घातले की नाही?” त्याचे उत्तर आले. ज्या बाईंच्या घरी त्याने खोली घेतली होती, त्यांनी एकदा त्याला आपल्या टेबलावर बसविले. जेवण झाल्यावर त्यांनी पावाचा चुरा तळहाताने गोळा केला आणि तोंडात टाकला. त्यांची आई वेढ्यातून वाचलेली. “सर, त्यात लिहिण्यासारखे काय, म्हणून गाळले.”

वाचकहो, त्या शहराचे नाव तेव्हा लेनिनग्राड होते. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत त्याला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. पहिल्या हिवाळ्यात मुलांना आणि घरी बसणाऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे. जेमतेम एका भाकरीच्या वजनाचा, तोही भेसळीचा. लाखो माणसे उपासमारीने गेली. साऱ्या लेखात त्या शहराचे खरे अन्न तेवढे राहून गेले होते! मुलाने आता लेख नव्याने लिहावयास घेतला आहे. बोर्श्च राहू दे. पण आरंभ त्या चुऱ्यापासून कर, असे मी कळविले आहे. मेळघाटचे माझे पान मात्र छापून गेले आहे; तेथे आता कोणता हात फिरवू?

निकितीन त्वेरला पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला. येथे चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि ते एकमेकांबरोबर जेवत नाहीत, हे मात्र त्याने लिहून ठेवले. आज आपल्या आळीतून फराळाची ताटे रुमालाने झाकून निघतील. ती कोणत्या दारापर्यंत जातात आणि कोणत्या दारावरून पुढे सरकतात, हे एखादा एकटा परदेसी कोपऱ्यावर उभा राहून टिपू लागला, तर त्याच्या वहीत आपले घर कसे उतरेल?