नथेचें प्राचीनत्व व पुराव्यांची परीक्षा

अलंकारांचा इतिहास लिहिणारांस एक खोड जडलेली दिसते. आज जो दागिना अंगावर आहे तो अनादि काळापासून तेथेंच होता, असें मनांत ठरवून मग ते त्याला अनुकूल असे उतारे ग्रंथांतून वेंचूं लागतात. नथेच्या बाबतींत ही खोड विशेष बळावलेली आहे. लग्नसमारंभांत व हळदीकुंकवांत नथ ही मराठी स्त्रीच्या वेषाची खूणच होऊन बसली आहे. तेव्हां ती वैदिक काळापासूनची असलीच पाहिजे, असें पुस्तकांतून व व्याख्यानांतून बिनदिक्कत सांगण्यांत येतें. वस्तुतः डॉ. अ. स. आळतेकर यांनीं हिंदु संस्कृतींतील स्त्रियांच्या स्थानाविषयींच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत इ. स. १९३८ मध्येंच या समजुतीला धक्का दिला होता. आणि त्याच सुमारास प्रा. प. कृ. गोडे यांनीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या नियतकालिकांत नथेच्या प्राचीनत्वावर स्वतंत्र निबंध लिहून उपलब्ध उल्लेखांची छाननी केली होती. त्यास आतां आठ दशकांहून अधिक काळ लोटला. त्यांचा निष्कर्ष स्थूलमानानें असा कीं, नाकांतील दागिन्याचा विश्वसनीय पुरावा इसवी सनाच्या सुमारें हजाराव्या वर्षापलीकडे जात नाहीं.

निष्कर्ष मला मान्य आहे. परंतु त्या निष्कर्षाच्या आधारावर पुढें जीं अनुमानें रचण्यांत आलीं, त्यांतील कांहीं टिकण्यासारखीं नाहींत. आणि ज्या पुराव्यांवर दोन्ही पक्ष भांडतात त्यांचें वजन कोणी नीट केलेलें दिसत नाहीं. तेवढेंच येथें करावयाचें आहे.

प्रथम ग्रंथांच्या मौनाचा विचार करूं. उल्लेख नाहीं म्हणून वस्तु नव्हती, हें अनुमान सामान्यतः दुबळें होय. कालिदासानें अमुक भाजीचें नांव घेतलें नाहीं म्हणून ती त्या काळीं पिकत नव्हती, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु मौन कोणाचें, हें पाहिलें पाहिजे. अमरसिंहानें मनुष्यवर्गांत मस्तकावरील किरीटापासून पायांतील किंकिणीपर्यंत अलंकारांचीं नांवें क्रमानें दिलीं आहेत. हारांचे प्रकार तो सरांच्या संख्येवरून वेगळे करितो : एक सराची एकावली, शंभर सरांचा देवच्छंद, आणि सत्तावीस मोत्यांची ती नक्षत्रमाला. ज्यानें गळ्यांतील सत्तावीस मोत्यें मोजलीं, त्याला नाकांतलें एक मोतीं दिसलें नाहीं, हें संभवत नाहीं. अमरकोश मीं पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतला. परंतु कानावरून आपण एकदम गळ्यावर उतरतों, मध्यें नाक राहून जातें, ही गोष्ट माझ्याही ध्यानांत गोडे यांचा निबंध वाचीपर्यंत आली नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. टोंचलेलें नाक मात्र अमराला ठाऊक आहे. नस्तित व नस्योत असे दोन शब्द तो देतो. पण ते वैश्यवर्गांत, वेसण घातलेल्या बैलासाठीं!

भरताची साक्ष याहूनही बळकट आहे. नाट्यशास्त्रांत आहार्याभिनयाच्या प्रकरणीं अलंकारांचे चार वर्ग केले आहेत : आवेध्य, बंधनीय, प्रक्षेप्य व आरोप्य. पैकीं आवेध्य म्हणजे शरीर विंधून घालावयाचा दागिना. आणि त्याचें उदाहरण म्हणून कुंडलादि कर्णभूषणेंच सांगितलीं आहेत. पुढें स्त्रियांचीं भूषणें सांगतांना डोळ्यांतील काजळ व ओठांचा रंगही सुटलेला नाहीं. नटीला नखशिखांत सजविण्यास बसलेला शास्त्रकार मुखाच्या मध्यभागींचा अवयव रिकामा सोडतो, याचा अर्थ त्या अवयवावर सजविण्यासारखें कांहीं नव्हतें इतकाच. येथें वर्गीकरणच केलेलें असल्यामुळें मौन हा पुरावा ठरतो. काव्यांतील मौनास ही प्रतिष्ठा देतां येणार नाहीं.

शिल्पांविषयीं थोडक्यांत सांगतों. भारहूत, सांची, अमरावती येथील स्त्रीमूर्तींवर दागिन्यांची रेलचेल असून नाक मोकळें आहे, हें अनेकांनीं दाखविलें आहे. एक आक्षेप मात्र घेतां येतो : मूर्तींत प्रथम भंगणारा अवयव नाकच, तेव्हां अभंग चेहरेच तेवढे हिशेबांत धरावे. चित्रांना ही अडचण नाहीं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि पुरुष असून मुकुट व मोत्यांचे सर ल्यालेला आहे, आणि त्याच भिंतींवरील राण्या व दासी यांच्या नाकांत कांहीं नाहीं. त्या काळीं दागिना ही स्त्रीची खूण नसून पदाची खूण होती, ही गोष्ट तेथें जितकी स्पष्ट दिसते तितकी कोणत्याही ग्रंथांत दिसत नाहीं. आज प्राचीन मूर्तींस उत्सवाच्या वेळीं नथ चढवितात व तिचें छायाचित्र पुराव्यादाखल छापण्यांत येतें. तो पुरावा पुजाऱ्याच्या काळाचा, मूर्तीच्या काळाचा नव्हे.

आतां खऱ्या वादाच्या जागेकडे वळूं. नथ प्राचीन म्हणणाऱ्यांचा सर्व भर स्तोत्रांवर आहे. सौंदर्यलहरींत देवीच्या नासिकेवर एक श्लोक आहे, एकसष्टावा. त्यांत नासिकेला वंश, म्हणजे वेळू, कल्पून, वेळूच्या पोटांत मोत्यें निपजतात या कविसंकेताचा उपयोग केला आहे : आंत मोत्यांची इतकी समृद्धि झाली कीं बाहेरही एक मोतीं धारण केलेलें दिसतें, असा त्याचा भाव. कित्येक जण म्हणतात कीं ही नुसती कल्पना आहे, दागिना नव्हे. मला हें पटत नाहीं. उत्प्रेक्षेला आधार म्हणून डोळ्यांना दिसणारी वस्तु लागते. बाहेर मोतीं आहे हें श्रोत्यांना आधींच ठाऊक असल्याशिवाय तें तेथें कोठून आलें याचें चमत्कारिक कारण सांगण्यांत स्वारस्यच उरत नाहीं. तेव्हां या कवीच्या काळीं व प्रांतीं नाकांतलें मोतीं रूढ होतें, हें मानलेंच पाहिजे.

पण हा कवि कोण? परंपरा म्हणते, आद्य शंकराचार्य. तें मान्य केलें तर नथ आठव्या शतकांत, किंवा फार तर नवव्याच्या आरंभीं, जाऊन पोहोंचते व एक सहस्रकाची मर्यादा कोसळते. उलट पक्ष म्हणतो कीं, नथ त्या काळीं नव्हतीच, म्हणून हें स्तोत्र आचार्यांचें नव्हे. एकच श्लोक दोघांच्या हातीं आहे. एक जण स्तोत्रावरून नथेचा काळ ठरवितो, दुसरा नथेवरून स्तोत्राचा. हा अन्योन्याश्रय दोष आहे, आणि तो दोन्हीं बाजूंनीं सारखाच घडला आहे. त्यांतून सुटका एकाच मार्गानें होईल : स्तोत्राचें कर्तृत्व नथेचें नांव न काढतां, भाषा, सिद्धान्त व पोथ्यांची परंपरा यांवरून ठरवावें. नॉर्मन ब्राउन यांनीं इ. स. १९५८ मध्यें हार्वर्डहून प्रसिद्ध केलेल्या आपल्या आवृत्तींत कर्तृत्वाविषयीं शंका घेतली आहे. ती ग्राह्य धरल्यास श्लोक नथेच्या बाजूनें साक्ष देईल, पण हव्या त्या शतकाची नव्हे. लक्ष्मीधराची टीका सोळाव्या शतकाच्या आरंभींची. निर्विवाद अशी खालची मर्यादा तेवढीच. ललितासहस्रनामांतील नासाभरणाचा उल्लेखही याच जातीचा आहे. तें प्रकरण ब्रह्मांडपुराणास जोडलेलें असलें, तरी पुराणाचें नांव ही कालगणना नव्हे. सोळा शृंगारांच्या प्रचलित सुभाषितांतही नाकांतलें मोतीं येतें. पण सुटें सुभाषित म्हणजे बेवारशी नाणें. तें कोणत्या टांकसाळींतून निघालें हें कसें सांगावें?

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. कृष्णाच्या कपाळीं कस्तूरीचा टिळा व नासाग्रीं मोतीं वर्णन करणारा श्लोक आमच्याकडे लहान मुलांनाही येतो. तो लीलाशुक बिल्वमंगलाच्या कृष्णकर्णामृतांतील म्हणून सांगतात. परंतु त्या काव्याच्या पोथ्यांच्या दोन परंपरा आहेत. दाक्षिणात्य पोथ्यांत तीन आश्वास असतात, बंगाली पोथ्यांत एकच. डॉ. सुशीलकुमार डे यांनीं इ. स. १९३८ मध्यें ढाक्याहून काढलेल्या आवृत्तींत एकच आश्वास मूळचा धरला. आणि आपला श्लोक आहे दुसऱ्यांत. म्हणजे ज्या श्लोकाच्या जोरावर लीलाशुकाच्या काळीं नथ होती असें म्हणावयाचें, तो श्लोक लीलाशुकाचा आहे कीं नाहीं, हाच मुळीं प्रश्न आहे. स्तोत्रवाङ्मयांत भर फार पडते. पाठ करणारा भक्त आपल्या डोळ्यांसमोरच्या मूर्तीवर जें दिसतें तें श्लोकांत घालतो, व त्यांत त्याला पाप वाटत नाहीं.

यानंतर येतो तो मूळ देशाचा प्रश्न. नथ मुसलमानांबरोबर आली, असें एक मत आहे. पश्चिम आशियांत हा दागिना फार जुना, यांत संशय नाहीं; यहुद्यांच्या उत्पत्तिग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायांत रिबेकेच्या नाकांत नथ घातल्याचें वर्णन आहे. परंतु हें मत मांडणारांच्या मनांत बहुधा स्वाऱ्या व राज्यें असतात, आणि तेथें त्यांची गफलत होते. कोंकणच्या बंदरांत अरब व्यापारी राज्यस्थापनेच्या शेंकडों वर्षें आधींपासून येत होते. मसूदी हा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलास आला, तेव्हां तेथें परदेशी मुसलमानांची मोठी वस्ती होती असें तो लिहितो. मोत्यें इराणी आखातांतून समुद्रमार्गें येत. दागिना मोत्यांच्या वाटेनेंच आला असण्याचा संभव मला अधिक दिसतो. संभवच म्हणतों, सिद्धान्त म्हणत नाहीं. मात्र काळ जुळला म्हणून जेत्यांनीं तो लादला, असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. पुढें अबुल फज्ल आपल्या आईन-इ-अकबरींत स्त्रियांचे दागिने मोजतांना बेसर, फुली, लवंग व नथ असे नाकांतलेच चार वेगळे प्रकार देतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा दागिना किती मुरला होता हें त्यावरून दिसतें.

नथ शब्दाचा संबंध नस्त, म्हणजे नाकांतील दोरी, याच्याशीं आहे. त्यावरून नथ ही स्त्रीची वेसण, दास्याचें चिन्ह, असें एक अनुमान अलीकडे वारंवार वाचावयास मिळतें. शब्द बैलाच्या नाकांतून आला हें खरें. पण शब्दाची व्युत्पत्ति ही वस्तूची जन्मपत्रिका नव्हे. वरच्या श्लोकांत मोतीं कृष्णाच्या नाकांत आहे, तो कोणाचा दास? आणि ज्या घरीं मुलें जगत नसत तेथें नवीन जन्मलेल्या मुलग्याचें नाक टोंचून त्यास नथ घालीत व नथू म्हणत. तें दृष्ट चुकविण्यासाठीं. देवाचें भूषण, मुलाचा तोडगा, स्त्रीचें सौभाग्य : एकाच दागिन्याचे हे तीन उपयोग आहेत, व शेवटचा सर्वांत पहिला असें धरण्यास कारण नाहीं. मंगळसूत्राविषयींही महामहोपाध्याय काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) दाखविलें आहे कीं, गृह्यसूत्रांच्या विवाहविधींत तें नाहीं.

दास्याचा शोध घ्यावयाचाच असेल तर तो व्युत्पत्तींत न घेतां व्यवहारांत घ्यावा. मनूच्या मतें नवरा जिवंत असतां स्त्रियांनीं जे दागिने वापरले त्यांची वांटणी दायादांनीं करूं नये. याज्ञवल्क्य नवऱ्याला स्त्रीधन परत न करण्याची सवलत देतो ती दुष्काळ, धर्मकार्य, रोग किंवा बंदिवास अशा मोजक्या प्रसंगींच. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनें दागिना हें तिचें धन होतें, आणि वैधव्यानें तें धन जात नव्हतें. पुढें दागिना सौभाग्याची खूण झाला, आणि नवरा गेल्या दिवशीं नथ उतरूं लागली. धन पेटींत तिचेंच राहिलें, पण अंगावर घालण्याचा अधिकार संपला. हा बदल केव्हां व कोणत्या थरांत प्रथम झाला, हें स्मृतींवरून कळणार नाहीं.

तें कळेल तर दागिन्यांच्या याद्यांवरून. घराण्यांच्या दप्तरांत मोडी लिपींतल्या अशा याद्या निघतात. दागिन्याचें नांव, वजन, मोत्यांची संख्या, किंमत, कधीं कोणाच्या हवालीं केला तेंही. सोनें आटवून गेलें, कागद राहिला. पण संग्राहकांस सनदा व पत्रें हवीं असतात. याद्या म्हणजे वाण्याचा हिशेब. एका गृहस्थांकडे मीं सनदा पाहावयास गेलों असतां अशा याद्यांचें एक बाड त्यांनीं पोथ्यांस वेष्टण म्हणून वापरलेलें पाहिलें. मितीसह नथेची नोंद असलेली एक यादी दहा स्तोत्रांहून अधिक उपयोगाची आहे, कारण तींत कोणी भक्तीनें भर घातलेली नसते. घरांतील विधवेच्या नांवें जमा असलेली नथ पुढें सुनेच्या नांवें कधीं गेली, एवढें जरी पांचदहा घराण्यांतून मितीवार काढतां आलें, तरी वरील प्रश्नाला धरावयास कांहीं तरी हातीं येईल.

पोथ्यांच्या संग्राहकांस दुसरी विनंति कृष्णकर्णामृताविषयीं आहे. ज्यांच्याकडे या काव्याची शक किंवा संवत् दिलेली पोथी असेल त्यांनीं आश्वास किती आहेत, प्रत्येक आश्वासाची समाप्ति कोणत्या शब्दांत केली आहे, आणि नाकांतल्या मोत्याचा श्लोक मूळ ओळींत आहे कीं समासांत मागाहून लिहिलेला आहे, एवढें पाहून कळवावें.